बुधवारी सकाळी साडेसहा

"हा रॉड कुणाचा?" मी विचारलं.

झोरे न्हाणीच्या उंबऱ्याबाहेरच थांबले. पाणी तापवायचा रॉड खुंटीला लटकत होता आणि त्याच्या शेजारचा प्लग इन्व्हर्टरच्या लायनीवर होता. आमची मोजणीची यंत्रंही त्याच लायनीवर चालायची.

"सायबांचा," झोरे म्हणाले. "पेंडसेसायेब मुक्कामाला आलं की त्येनला गरम पानी लागतंय. येरवी त्याला कोन हात लावतंय?"

"बुधवारी तुम्ही आंघोळ करून बाजाराला जाता ना?"

"जातो की. ड्युटी संपल्यावर. पर आंघूळ घरनं करून येतो, चुलीवर तापवून."

"आणि साडेसहाला तुम्ही इथेच असता."

"एकुनीस वर्सं झाली मॅडम, साडेसहाला मी हितंच असतोय."

उत्तर सरळ होतं. पण त्या वयात मला सरळ उत्तर देणारा माणूस हमखास बनेल वाटायचा. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की खात्री होती.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात आमचं भूकंपमापन केंद्र होतं. केंद्र म्हणायचं इतकंच. अर्धं जमिनीत गाडलेलं एक तळघर, त्यात कंप टिपणारं यंत्र, वर रेकॉर्डरूम आणि मागे दोन खोल्यांचं क्वार्टर. क्वार्टरमध्ये मी राहायची. बयाजी झोरे खालच्या धनगरवाड्यातून पाऊण तास चढून सकाळी सहाला हजर व्हायचे. रोजंदारीवरचे निरीक्षक होते ते. पूर्वी नोंद कागदाच्या ड्रमवर व्हायची. रोज सकाळी कागद बदलायचा, पेनात शाई भरायची, वेळ टाकायची, हे सगळं एकोणीस वर्षं त्यांनीच केलेलं. कागदावरची थरथर नुसती बघून ते सांगायचे, हा धक्का, हा खाणीतला सुरुंग, आणि ही नुसती म्हैस भिंतीला अंग घासतीय.

जानेवारीत ड्रम गेला आणि कॉम्प्युटर आला. तो बसवला मी, त्याच्या सगळ्या सोयी लावल्या मी, आणि त्याच्यावर 'हात लावू नये' असा कागदही मीच चिकटवला. झोरे त्या कागदाकडे बघून म्हणाले होते, "बरं हाय. जबाबदारी कमी झाली." ते रागावून म्हणाले की खरंच म्हणाले, हे मी विचारायच्या भानगडीत पडले नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. जगभरातली भूकंप केंद्रं एकाच घड्याळावर चालतात, ग्रीनविचच्या. नाहीतर एकाच धक्क्याच्या दहा ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी जुळायच्या नाहीत. हे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आमच्या कॉम्प्युटरचं घड्याळही त्यावरच लावलेलं होतं. रेकॉर्ड ग्रीनविचवर आणि हजेरी, जेवण, झोप आपल्या वेळेवर, असा आमचा संसार. रेकॉर्डवरची वेळ वाचली की मनातल्या मनात साडेपाच मिळवायचे. मला त्याची इतकी सवय झाली होती की आपण मिळवणी केली हे कळायचंही नाही.

फेब्रुवारीपासून रेकॉर्डमध्ये गॅप दिसायला लागल्या. गॅप म्हणजे नोंदीतून गळालेला तुकडा. वीस सेकंद, चाळीस सेकंद, कधी मिनिटभर. अशा आठ-दहा गॅप, सगळ्या बुधवारी, सगळ्या सकाळी साडेसहा ते सातच्या दरम्यान. इतर सहा दिवस रेकॉर्ड स्वच्छ. नऊ फेब्रुवारीला तर कहरच झाला. सहा चाळीसला बऱ्यापैकी धक्का बसला. धरणाच्या भोवतालच्या सगळ्या केंद्रांनी तो टिपला, आणि सर्वांत जवळ असलेल्या आमच्या केंद्राकडे त्या जागी कोरी रेघ.

पुण्याहून पेंडसे सरांचा फोन आला. ते आमचे विभागप्रमुख. "सबनीस, पाळण्यात भूकंप झाला आणि दाईला पत्ता नाही, असं झालंय तुझं. बुधवारी तिथे काय चालतं ते शोध."

बुधवारी तिथे काय चालायचं? बुधवार हा खालच्या गावच्या बाजाराचा दिवस आणि सकाळी साडेसहाला केंद्रावर जागा असलेला माणूस एकच. शिवाय न्हाणीत रॉड. तो लावला की लायनीवरचा दाब पडणार आणि यंत्र अडखळणार. मला आणखी काय हवं होतं?

झोऱ्यांचं मात्र त्यात बरंच काही पणाला लागलं होतं. रोजंदारीवरच्या लोकांना कायम करायची यादी मार्चअखेर, एकतीस तारखेला वर जाणार होती. बारा वर्षांनी अशी यादी निघाली होती. तिच्यात तिसरं नाव बयाजी झोरे. कायम झाले की निवृत्तीनंतर पेन्शन मिळणार, आजारी पडल्यावर दिवस बुडणार नाही. त्यांचं वय तेव्हा त्रेपन्न. ही यादी हुकली तर पुढची कधी निघेल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यात कामचुकारीचा शेरा पडला तर प्रश्नच मिटला.

"मॅडम," त्या दिवशी रॉड खुंटीवरून काढून माझ्या हातात देत झोरे म्हणाले, "ह्यो तुमच्या खोलीत कुलपात ठिवा. आन मी तुमास्नी मागंबी सांगितलंय, बुधवारी त्ये मशीन आतनं कुरकुरतंय. उंदीर लाकूड खातोय तसं."

"रोजच आवाज येतो त्याचा. पंखा असतो आत."

"पंखा घुमतोय. ह्ये कुरकुरतंय."

रॉड मी कुलपात ठेवला. पुढच्या बुधवारी गॅप होत्याच. तेव्हा मी ठरवून टाकलं की यांनी घरून दुसरा आणला असणार. एकदा माणूस मनातून उतरला की त्याच्या नावावर काहीही खपतं.

तरी रीतसर चौकशी म्हणून मी कराडला मुजावरांना फोन लावला. कॉम्प्युटर पुरवला होता तो शिराज मुजावरांच्या दुकानाने. मनुष्य हुशार होता आणि बोलायला बसला की उठायचा नाही. मी गॅपचं सगळं सांगितलं.

"मॅडम, डिस्कची आवराआवर चालत असंल," ते लगेच म्हणाले. "फायलींचे तुकडे डिस्कवर कुठं कुठं सांडल्यात ते गोळा करून एका जागी लावायचं काम."

"ते मला माहीत आहे. महिन्याच्या एक तारखेला मी स्वतः करते ते."

"तुम्ही कशाला करताय? नवी सिस्टिम आपली आपण करती की. हप्त्यातनं एकदा."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन महिन्यांचं प्रशिक्षण झालं होतं माझं, सर्टिफिकेट होतं. "मुजावर, आपोआप काही होत नसतं. कुणी सांगितल्याशिवाय कॉम्प्युटर शिंकतसुद्धा नाही. डिस्क हाताने आवरावी लागते, आम्हाला तसंच शिकवलंय."

"जुन्या सिस्टिमवर शिकवलं असंल. तवा हातानंच करावं लागायचं. आता ती स्वतःच डिस्कची देखभाल करती."

"इथे इंटरनेटसुद्धा नाही. मग ती कुणाला विचारून करते?"

"तिला कशाला कुणाला विचारायला पायजे? बुधवारी रात्री एकचा टाइम लावूनच येती ती कंपनीतनं. रात्री कोण काम करत नसतंय, म्हणून."

"रात्री एक?" मला हसूच आलं. "आमच्या गॅप सकाळी साडेसहाच्या आहेत."

"टाइमाचं मला काय कळंना. पण वार तर बुधवारच हाय की. तुम्ही असं करा, एका बुधवारी समोर बसून बघा. आपोआप होतंय का न्हाई, डोळ्यानं दिसंल."

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. मार्चच्या दोन तारखेला, बुधवारी, मी सव्वासहालाच कॉम्प्युटरसमोर ठाण मांडलं. एका हातात चहा, दुसरा हात माऊसवर. झोऱ्यांना सांगितलं, बाहेर थांबा. ते दाराशी पायरीवर बसून राहिले. मी पडद्यावरची रेघ मोठी करून बघत होते, लहान करून बघत होते, मागे नेत होते, पुढे आणत होते. साडेसहा झाले, सात झाले. कुरकुर नाही की गॅप नाही. रेघ धुतल्यासारखी स्वच्छ.

नऊ तारखेला पुन्हा तेच. सोळा तारखेला पुन्हा तेच. तिन्ही बुधवारी मी समोर होते आणि तिन्ही बुधवारी सिस्टिमने आपोआप काही म्हणजे काही केलं नाही. मी मुजावरांना फोन करून हे सुनावलं. ते म्हणाले, "मग मी हरलो, मॅडम." मला फार बरं वाटलं.

सतरा तारखेला मी रिपोर्ट लिहून पुण्याला फॅक्स केला. गॅप केवळ झोरे एकटे ड्युटीवर असताना पडतात. देखरेख असताना पडत नाहीत. सिस्टिम स्वतःहून देखभाल करत असल्याच्या दाव्याची प्रत्यक्ष तपासणी केली, तो निराधार आढळला. संध्याकाळपर्यंत पुण्याहून आदेश आला की निर्णय होईपर्यंत झोरेंना घरी बसवा, आणि यादीतलं नाव तूर्त बाजूला ठेवलं आहे.

झोऱ्यांना मी रेकॉर्डरूममध्येच सांगितलं.

"म्हंजी मी खोटं बोलतोय," ते म्हणाले.

"तपासणीत जे दिसलं ते मी लिहिलं, मामा."

"तुमी तीन बुधवार बघितलं. मी एकुनीस वर्सं बघतोय." मग त्यांनी तळघराच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. "बॅटऱ्यात पानी कमी झालंय. उद्या घाला." एवढं बोलून ते खाली उतरले.

पुढच्या बुधवारी, तेवीस तारखेला, मला उठायला उशीर झाला. केंद्रावर मी एकटीच. रेकॉर्डरूमचं कुलूप उघडलं आणि दारातच थांबले. आतून बारीक कुरकुर येत होती. उंदीर लाकूड खातोय तशी.

पडद्यावरची रेघ अडकली होती. थोडी पुढे सरकली, पुन्हा अडकली. झोरे त्या वेळी पाऊण तासाच्या उतारावर आपल्या घरी होते, न्हाणीतला रॉड माझ्या कुलपात होता आणि लायनीवर यंत्रांशिवाय काही नव्हतं. मी पुढे होऊन माऊसला हात लावला. कुरकुर थांबली. रेघ झरझर चालू लागली. हात काढून घेतला आणि उभी राहिले. तीनेक मिनिटं गेली आणि आत पुन्हा कुरकुर सुरू झाली.

पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात एक वाजून बारा मिनिटं झाली होती.

मी स्टुलावर बसले. शोधायला फार वेळ लागला नाही. आधी शोधलंच नव्हतं इतकंच. दोन-तीन खिडक्या उघडल्यावर ते पान सापडलं. डिस्कची आवराआवर, आठवड्यातून एकदा, बुधवार, एक वाजता. मुजावर अक्षरशः बरोबर होते. कॉम्प्युटर त्याच्या घड्याळानं रात्री एकलाच काम काढत होता आणि ते घड्याळ मी ग्रीनविचवर लावलं होतं. रेकॉर्डमध्ये गॅपची वेळ 'एक' अशीच छापलेली होती. फोनवर बोलतानाही माझ्यासमोर 'एक' असंच होतं, आणि सवयीनं साडेपाच मिळवून मी मुजावरांना साडेसहा सांगितलं होतं.

बाकीचं त्याच पानावर लिहिलेलं होतं. कुणी कॉम्प्युटर वापरत नसेल तेव्हाच हे काम चालतं, कुणी हात लावला की थांबतं. डिस्क त्या आवराआवरीत इतकी गुंतायची की येणाऱ्या नोंदी उतरवून घ्यायला तिला फुरसत नसायची. मी समोर बसून माऊस हलवत राहिले म्हणून तीन बुधवार काही झालं नाही. झोरे हात लावायचे नाहीत, कारण लावू नका असं मी सांगितलं होतं. त्यांनी माझा हुकूम तंतोतंत पाळला म्हणून गॅप पडत होत्या.

हा किस्सा मी आजवर कितीतरी वेळा सांगितलाय. नव्या पोरांच्या प्रशिक्षणात सांगते, जेवणाच्या टेबलावर सांगते. सिस्टिम आपोआप डिस्क सांभाळते की नाही यावर कुणी वाद घालायला लागलं की हमखास सांगते. इथपर्यंत सांगितलं की लोक हसतात, कुणीतरी म्हणतं, मग त्या मामांचं काय झालं? मी म्हणते, दुसरा रिपोर्ट लिहिला, त्यांचं नाव साफ झालं. हे खोटं नाही. पण मी तिथेच थांबते.

त्या सकाळी मी दुसरा रिपोर्ट लिहायला घेतला होता. आठ ओळी झाल्या असतील, तेवढ्यात फोन वाजला.

"सबनीस," पेंडसे सर म्हणाले, "तुझ्या कन्फर्मेशनचे कागद माझ्यासमोर आहेत. प्रोबेशनची दोन वर्षं संपली ना तुझी? शेरा लिहितोय. झोरेंचं प्रकरण तू मुळापर्यंत जाऊन शोधलंस, तेच पहिलं वाक्य टाकतोय. चालेल?"

मी समोरच्या आठ ओळींकडे बघत होते.

"हो सर."

"आज बुधवार. झोरे नाहीत, म्हणजे गॅप नसणार."

"रेकॉर्ड अजून बघितलं नाही, सर."

"बघ, बघ. नसणारच." त्यांनी फोन ठेवला.

मी आधी ती बुधवारची वेळ बंद करून टाकली. मग आठ ओळींचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. मला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी गप्प बस म्हटलं नव्हतं. मला भीती वाटली, एवढंच. घरी नाशिकला बहिणीचं लग्न ठरत होतं, ही नोकरी गेली तर दुसरी कुठे, असले विचार आले, पण ती सगळी नंतर जोडलेली कारणं. शेऱ्यातलं पहिलं वाक्य मला हवं होतं. दोन दिवस थांबू म्हटलं. दोनाचे चार झाले. एकतीस तारखेला यादी वर गेली. दोन एप्रिलला माझं कन्फर्मेशनचं पत्र आलं. पाच तारखेला, मंगळवारी, मी रिपोर्ट पुरा करून फॅक्स केला.

तेवीस मार्च ही तारीख त्यात लिहावीच लागली. त्या दिवसाच्या गॅप रेकॉर्डमध्ये होत्या, त्या बदलता येत नाहीत. पेंडसे सरांनी रिपोर्ट वाचला, तारखाही वाचल्या असणार. फोनवर इतकंच म्हणाले, "उद्यापासून झोरेंना मी बोलावून घेतो. यादीचं आता काही होणार नाही." पुढच्या वर्षी यादीच निघाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी निघाली, तेव्हा वयाची अट आली होती. झोरे रोजंदारीवरच घरी बसले. त्याच वर्षी मला वरची श्रेणी मिळाली.

सहा एप्रिलला, बुधवारी, झोरे सहाला हजर झाले. पायताणं काढली, तळघरात जाऊन बॅटऱ्या बघून आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"सायबांचा फोन आलता सरपंचाकडं. तुमी लिवलंय म्हनं, माजी चूक न्हवती."

"हो."

"वाचून दाखवा की. विंग्रजीत असंल."

मी कागद काढला आणि मराठीत सांगत गेले. डिस्क, आवराआवर, ग्रीनविचचा एक, माऊस. ते मान हलवत होते. कुरकुरीचा उल्लेख आला तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. "आता कसं," ते म्हणाले. "पर तारीख न्हाई वाचली तुमी."

एकोणीस वर्षं हा माणूस प्रत्येक नोंदीत आधी तारीख टाकत आला होता. त्याच्यासमोर मी तारखा गाळून वाचत होते.

"पाच एप्रिल," मी म्हणाले.

"ती लिवल्याची. कुरकूर ऐकल्याची?"

"तेवीस मार्च."

त्यांनी कपाटातून हजेरीचं रजिस्टर आणलं, माझ्यापुढे उघडलं. त्यांच्या नावापुढे अठरा मार्चपासून चौकटी कोऱ्या होत्या. शेजारी शेऱ्याचा रकाना होता, तोही कोरा.

"हे मोकळं ठिवलं तर सर्विस तुटल्याली धरत्यात," झोरे म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "अठरा ते बावीस तुमास्नी ठावंच न्हवतं. तिथं काय लिवायचं ते सायबांना इचारा. तेवीसपास्नं काय लिवायचं ते तुमी लिवा."

मी पेन घेतलं. झोरे उभेच होते, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. शेवटी लिहिलं, 'तेवीस मार्च ते पाच एप्रिल. कर्मचाऱ्याची चूक नाही हे मला माहीत होतं. मी कळवलं नाही.' खाली सही केली आणि रजिस्टर त्यांच्याकडे वळवलं.

त्यांनी ओळीखाली बोट धरून ते दोनदा वाचलं.

"सही ठळक करा," ते म्हणाले. "पुसट आलीया."

मी तिच्यावरूनच पुन्हा पेन फिरवलं.